सु की कु?

एकाच झाडाला सुबाभूळ आणि कुबाभूळ अशी दोन नावं आहेत. पाला शेळीपुढे पडला की ते ‘सु’, बांधावर फुटायला लागलं की ‘कु’. धुळे-जळगावकडच्या हमरस्त्यांच्या कडेला, कालव्याच्या भरावावर, ओसाड आवारांत ही झाडी माजलेली दिसते, तेव्हा दुसरंच नाव तोंडात येतं.

वैशाखात तिचा शेंगांचा झुबका तोडून पाहावा. चपट्या, कागदासारख्या तपकिरी, वीतभर शेंगा. एकेकीत पंधरा-वीस चकचकीत बिया. बी नखाने दाबली तरी ओरखडा उठत नाही. गरम पाणी दाखवल्याशिवाय ती एकसारखी उगवत नाही, म्हणून मातीत वर्षानुवर्षं दबा धरून बसते. शिवाय फूल स्वतःच्याच परागावर फळतं. पडीक जागेत एकटं झाड असलं तरी त्याचं रान होतं.

मूळ मेक्सिकोकडची ही वनस्पती स्पॅनिश गलबतांतून फिलिपिन्सला आणि तिथून आशियाभर गेली. महाराष्ट्रात १९७०च्या दशकात तिचा डंका वाजवला तो मणिभाई देसाईंच्या उरुळीकांचनच्या ‘बाएफ’ संस्थेने. त्यासाठी हवाईची उंच वाढणारी के-८ ही जात आणली. हेतू चोख होता. पाल्यात विसेक टक्के प्रथिनं, मुळांवर नत्राच्या गाठी, दीड-दोन महिन्यांनी पुन्हा कापणीला तयार. पाल्यात मिमोसिन नावाचं विष असतं, म्हणून चाऱ्यात या पाल्याचा वाटा तिसऱ्या हिश्शाच्या आत ठेवावा लागतो. हवाईतल्या शेळ्यांच्या पोटात हे विष पचवणारे जीवाणू सापडले आणि ते ऑस्ट्रेलियाच्या गुरांना देण्यात आले, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही.

घोडं पेंड खातं ते निराळ्या ठिकाणी. कापायचं झाड आपण ‘झाडे लावा’च्या हिशेबात धरलं. खड्डे मोजले, रोपं मोजली. कोयता कुणाच्या हाती, हे विचारलं नाही. न कापलेली सुबाभूळ पाहता पाहता शेंगा धरते. तापीकाठची खोल, चुनखडीची काळी जमीन तर तिला मानवलीच. दाट सावलीत मात्र तिचं फारसं चालत नाही. जंगल विरळ झालं की मगच ती आत शिरते, म्हणजे वाट आपणच करून दिलेली असते.

आणि खानदेशात चाऱ्याचं झाड नव्हतं थोडंच? यावलच्या सातपुड्यात, धुळ्याजवळच्या मुरमाड टेकड्यांवर अंजन आहे, तेही शेंगवर्गातलंच. पान जोडपानी, आपट्याच्या पानाचे दोन तुकडे केल्यासारखं. शेंगेत एकच बी, वाऱ्यावर उडणारी. चांगलं बी धरणारं वर्ष काही वर्षांतून एकदाच येतं. दुष्काळात गुरांपुढे अंजनाचाच पाला टाकत. पण अंजन सावकाश वाढतो, आणि योजनेचं वर्ष मार्चअखेर संपतं.

सुबाभूळ उपटून टाका, असं मी म्हणणार नाही. दहा शेळ्या बांधणाऱ्याला कुंपणाच्या आत तिच्यासारखं झाड नाही. गायरानावर, डोंगरावर, नदीकाठी मात्र ती लावू नये. तिथे अंजनच हवा. आणि दारात लावलीच असेल, तर फुलांचे पांढरे गोंडे दिसताच कमरेच्या उंचीवर छाटा. शेंगा वाळेपर्यंत थांबू नका.