पळसाला पानं तीनच?

 

मागच्या रविवारी कटंगीच्या बालवर्गात मुलांनी जुन्या लग्नपत्रिका नि वर्तमानपत्रं फाडून झाडांची कोलाज केली. आधी पळस, साग, मोहाच्या फांद्या हातात घेऊन बघितल्या. एका मुलीने पळसाच्या देठाला दोनच पानं लावली. आम्ही हसून तिसरं चिकटवलं, "अगं, पळसाला पानं तीनच!" ती हळूच म्हणाली, "माझ्या फांदीचं एक गळलं होतं."

तिने बघून केलं होतं. आम्ही म्हण पाठ केली होती.

शांतिनिकेतनचे चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी (जन्म १९०४) यांची दृष्टी पन्नाशीनंतर पूर्ण गेली. तरी ते स्पर्शाने कागद कापून कोलाज करत राहिले. आमचे डोळे शाबूत, पण बघायचंच राहिलं.

मग मदत कुठे संपते आणि अहंकार कुठे सुरू होतो? आम्हाला वाटतं, विचारण्याआधी हात पुढे जातो तिथेच.

सगळ्या मुलांसमोर आम्ही ते पान काढलं. कागद थोडा फाटला, तो तसाच ठेवला.

घरोघरी एवढंच करूया. मुलाचं चित्र सुधारण्याआधी विचारूया, "बाळा, तू काय पाहिलंस?"