पाच पैशांचं तिकीट आणि जलसंजीवनी

शेजारच्या घरात मारहाण चालू असताना ‘हा त्यांचा अंतर्गत मामला’ म्हणणं सोपं असतं. जीव वाचवून पळालेली पोरंबाळं ज्याच्या ओसरीवर येतात, त्याला मात्र तसं म्हणता येत नाही.

२५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी लष्कर तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या ढाक्यात आपल्याच नागरिकांवर तुटून पडलं. वर्ष सरेपर्यंत सुमारे एक कोटी माणसं सरहद्द ओलांडून भारतात आली. एवढ्या महिन्यांत संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेला या प्रश्नावर रीतसर बैठक घ्यावीशी वाटली नाही. ३ डिसेंबरला भारत-पाकिस्तान युद्ध पेटलं आणि परिषद दुसऱ्याच दिवशी भरली. ७ डिसेंबरला आमसभेनं १०४ विरुद्ध ११ मतांनी युद्धबंदी मागितली. माणसं मारली जात होती तोवर तो मामला अंतर्गत होता. सैन्यं सरहद्दीपार गेली तेव्हा तो आंतरराष्ट्रीय झाला.

मदत आलीच नाही असं नाही. निर्वासितांचे उच्चायुक्त सदरुद्दीन आगा खान मदतीची जुळणी करत होते, १ ऑगस्टला न्यूयॉर्कमध्ये पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांची मैफल झाली. तरी खर्चाचा मोठा भार भारतावरच राहिला. तो भारतानं निव्वळ कळवळ्यानं उचलला, असंही मी म्हणणार नाही. निर्वासितांचा हाच बोजा पुढे सैन्य पाठवण्याचं समर्थन ठरला.

पैसा उभा करायला १५ नोव्हेंबरपासून टपालावर पाच पैशांचा निर्वासित साहाय्य कर बसला. घाई एवढी की सुरुवातीला कुटुंबनियोजनाच्या तिकिटांवरच शिक्का मारून काम भागवलं. ३१ मार्च १९७३ पर्यंत तो चालला. रेल्वेभाड्यावरही कर आला. तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या डहाणूतल्या गंजाडच्या वारली पाड्यांवरून पत्रं फारशी जात नसतील. पण गावच्या गुरुजींनी घरी पाकीट धाडलं असेल, तर त्यातले पाच पैसे निर्वासितांच्या छावण्यांसाठी होते. न्यूयॉर्कच्या मैफलीइतकीच हीही मदत, फक्त तिची तबकडी निघाली नाही.

उलट दिशेनं, छावण्यांकडून पाड्यांकडेही काही आलं, आणि ते मला जास्त मोलाचं वाटतं. सरहद्दीजवळच्या बनगावच्या रुग्णालयात पटकी झालेले निर्वासित जमिनीवर पडले होते. शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा मोजून पुड्या बांधल्या, पाण्यात कालवून ते तोंडानं द्यायला लावलं, आणि पाजायचं काम रुग्णाच्या नातेवाइकांवर सोपवलं. वैद्यकाच्या तेव्हाच्या शिस्तीत हे बसणारं नव्हतं. मृत्यूचं प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या आत आलं. महालनबीस २०२२ मध्ये गेले. पद्मविभूषण त्यांना त्यानंतर, २०२३ मध्ये जाहीर झाला.

तशीच पुडी आज जलसंजीवनी म्हणून आशाताईंच्या पिशवीत असते. पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ झालं, पोराला जुलाब सुरू झाले, की पाड्यावरची आई चमच्याचमच्यानं तेच पाजते. आईच्या हाती उपचार देता येतो, हा विश्वास त्या धांदलीतच पक्का झाला. आमसभेच्या ठरावातून तो येणं शक्य नव्हतं.

म्हणून यादवीला जगानं काय प्रतिसाद दिला, हे मोजताना ठरावांची यादी मी शेवटी बघतो. आधी बघायचं ते, बेघरांना जागा कुणी दिली. एप्रिल २०२३ पासून सुदान जळतो आहे आणि तिथून निघालेल्यांना चाडसारखा कंगाल शेजारी ठेवून घेतो आहे. आपण मात्र १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर अजून सही केलेली नाही. २०२१ मध्ये म्यानमारमधून लोक येऊ लागले तेव्हा त्यांना अडवा, असं दिल्लीनं कळवलं होतं. सरहद्दीवरच्या मिझोरामनं ते ऐकलं नाही. गावकऱ्यांनी आणि चर्चनं तांदूळ गोळा केला.