एकवीस दिवसांचे अंतर

आईच्या निधनानंतर तिची ट्रंक उघडली, तेव्हा तळाशी अकरा वर्षांची कालनिर्णये व्यवस्थित रचून ठेवलेली सापडली. पानापानावर चतुर्थी-एकादशीच्या शेजारी शिसपेन्सिलीने काढलेले वर्तुळ होते. एका वर्तुळापासून पुढच्यापर्यंत मोजले की बरोबर एकवीस दिवस भरत. त्या ताईच्या इंजेक्शनच्या तारखा होत्या.

१९७८च्या पावसाळ्यात ताई अकरा वर्षांची होती. तिचा घसा चार दिवस दुखला, मिठाच्या गुळण्या आणि हळद-दूध यांवर बरा झाला, आणि ते दुखणे आम्ही विसरूनही गेलो. अडीच-तीन आठवड्यांनी तिचा उजवा गुडघा सुजला. तो उतरतो न उतरतो तोच डावा घोटा, मग मनगट. वात समजून घरी तेल चोळणे झाले. तालुक्याच्या डॉक्टरांनी मात्र गुडघ्याकडे एकदाच पाहिले आणि छातीला नळी लावून ते इतका वेळ ऐकत राहिले, की आई बोलता बोलता थांबली. निदान झाले ते संधिज्वराचे.

घशातला तो जंतू स्ट्रेप्टोकॉकस. सूक्ष्मदर्शकाखाली तो मण्यांच्या माळेसारखा दिसतो, आणि त्याचे ग्रीक नावही त्या आकारावरूनच पडले. १८७९ साली पॅरिसच्या वैद्यक अकादमीत सूतिकाज्वराच्या कारणांवर चर्चा चालू असता पाश्चरने हीच माळ फळ्यावर काढून दाखवली होती. घशाची सूज, कातडीवरचे धावरे, बाळंतिणींचे प्राण घेणारा ताप ही त्याची उघड रूपे. संधिज्वराची रीत वेगळी. या जंतूवरील काही प्रथिने हृदयातील प्रथिनांशी मिळतीजुळती असतात. जंतूवर चालून गेलेली शरीराची संरक्षक शक्ती त्या साम्याने फसते आणि आपल्याच हृदयावर आघात करते. सांधे यथावकाश पूर्ववत होतात, पण हृदयाच्या झडपेवर व्रण राहू शकतो. पुन्हा त्या जंतूने घसा धरला, की त्या व्रणावर दुसरा व्रण. म्हणून त्याला घशात पुन्हा ठाव मिळू द्यायचा नाही. त्यासाठी दर तीन आठवड्यांनी बारा लाख युनिट बेंझाथिन पेनिसिलिन घ्यायचे, आणि हृदयाला इजा झाली असेल तर ते वर्षानुवर्षे, कित्येकदा चाळिशीपर्यंत घेत राहायचे.

ताईला सायकलवर डबलसीट घेऊन दवाखान्यात नेणे हे पुढे माझे काम झाले. तिथल्या सिस्टर पांढऱ्या भुकटीच्या बाटलीत पाणी सोडत आणि बाटली दोन्ही तळव्यांत धरून हळूहळू फिरवीत. औषध दुधासारखे, दाट. ते सुईत अडकू नये म्हणून सुई जाड घ्यावी लागे. ताई रडत नसे. भिंतीकडे तोंड करून ती टेबलाची कड घट्ट धरी, आणि परतताना कॅरिअरवर एका अंगाला रेलून बसे. तेवढ्या वजनाने माझी सायकल एकीकडे ओढली जाई.

आईच्या त्या वर्तुळांचा मी पुष्कळ विचार केला आहे. एकादशीला कथा असते, फळाचे आश्वासन असते, उद्यापन असते. या तारखेला त्यांपैकी काही नव्हते. दुखरे काही उरले नव्हते, समोर शत्रू दिसत नव्हता. इंजेक्शनचे फळ म्हणजे काहीही न घडणे, आणि जे घडलेच नाही त्याची गणना कोणी करत नाही. तापाने फणफणलेल्या मुलाच्या उशाशी जागणारी आई सर्वांना दिसते. धडधाकट मुलीला, शाळा बुडवून, दुखणाऱ्या सुईपाशी दर एकवीस दिवसांनी नेणाऱ्या आईला मात्र तिचे कर्तव्य दर वेळी नव्याने स्वतःलाच पटवावे लागते. आईने ते दहा वर्षे पटवले.

अकराव्या कालनिर्णयात वर्तुळे मे महिन्यापर्यंतच आहेत. त्या महिन्यात ताईचे लग्न झाले. सासरी आजाराचा उल्लेख करायचा नाही, असे घरातल्या मोठ्यांनी ठरवले. हृदयाचे नाव निघाले असते तर सोयरीक मोडली असती, ही भीती निराधार नव्हती. मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो. प्रत्येक तारीख मला ठाऊक होती, आणि मी काही बोललो नाही. आईला दोष देण्याचा अधिकार मला त्यामुळेच उरलेला नाही.

पुढच्या वर्षी सहाव्या महिन्यात ताईला आडवे पडून श्वास घेता येईना. गरोदरपणात शरीरातील रक्त जवळजवळ दीडपट होते. अरुंद झालेल्या झडपेतून ते पुढे सरकेना. डाव्या बाजूने छाती उघडून झडप रुंद करावी लागली. ताई वाचली, बाळही वाचले. ते दडवलेले नाव सासरच्या माणसांनी अखेर शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर वाचले. तिथून पुढे त्यांनी तिची जी काळजी घेतली, ती पाहून आमची मान खाली गेली.

औषधाने कोठेही दगा दिला नव्हता. कितीतरी जंतू पेनिसिलिनला दाद देईनासे झाले, पण ताईच्या घशातल्या त्या जातीला ही विद्या आजही साधलेली नाही. औषध स्वस्त आहे. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, तेव्हापासून पेनिसिलिन आपल्याला परकेही राहिलेले नाही. युरोप-अमेरिकेत तर घरांतली दाटी कमी झाली तसा हा आजार पेनिसिलिन येण्याआधीच ओसरू लागला होता. आपल्याकडे तो अजून एका खोलीत सहा जण निजतात तिथे पोहोचतो. २०१८ साली जागतिक आरोग्य सभेला त्यासाठी स्वतंत्र ठराव करावा लागला. औषध आणि रोगी यांच्यामध्ये मला प्रत्येक वेळी माणसांचेच व्यवहार उभे दिसतात: बुडणारी मजुरी, चुकलेली एस.टी., आणि मुलीच्या लग्नाच्या वेळी पाळलेले मौन.

ताई आता साठीला टेकली आहे. झडप पुढे बदलावी लागली; रक्त पातळ ठेवण्याची गोळी आणि त्यासाठीची तपासणी कायमची झाली आहे. गेल्या पावसाळ्यात तिच्या नातीचा घसा सुजला. डॉक्टरांनी दहा दिवसांचे औषध दिले. तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि पोर अंगणात धावू लागली. “आई, आता बरी झाली की ती,” सून म्हणाली. ताई “हो” म्हणाली, चमचा पदराने पुसला, आणि बाटली हलवून चौथ्या दिवसाचे औषध त्यात ओतले.