स्वामित्व आणि अधिकार

एखादी वस्तु पैसे देऊन घेतली म्हणजे ती आपली झाली, हें व्यवहारांत इतकें निर्विवाद आहे कीं त्याविषयीं विचार करण्याचा प्रसंग सहसा येत नाहीं. शेत घेतलें, घर घेतलें, घड्याळ घेतलें. पावती खिशांत पडली कीं प्रश्न मिटला. मजवर हा विचार करण्याची पाळी एका जुन्या वाद्यानें आणली. नोकरीच्या निमित्तानें मी मस्कतला असतांना ओळखीचें एक अरब कुटुंब बिऱ्हाड मोडून परदेशीं चाललें होतें. त्यांच्या सामानांत दिवंगत वडिलांचा ऊद होता. मुलांपैकीं कोणासच तो वाजवितां येत नव्हता. मीं तो विकत घेतला.

ऊद म्हटलें म्हणजे आपल्याकडील वाचकांस धूपदान आठवेल, आणि तें अगदींच गैर नाहीं. अरबी भाषेंत या शब्दाचा मूळ अर्थ लांकूड. सुगंधी लांकडासही तोच शब्द आणि या वाद्यासही तोच. लांकडाच्या पातळ पट्ट्या एकमेकींस जोडून केलेलें, उभ्या चिरलेल्या नासपतीसारखें पोट, आंखूड दांडी, मागें मुडपलेलें डोकें, पांच जोडतारा आणि खर्जाची बहुधा एकटी तार. पडदे मुळींच नाहींत. वाजवावयाच्या लांबट नखीला अरबींत रीशा म्हणजे पीस म्हणतात, कारण पूर्वीं ती गरुडाच्या पिसाची करीत. तुर्क लोक तिलाच मिझराब म्हणतात. हा शब्द आपल्या सतारियांस समजावून सांगावयास नको.

वाद्य घरीं आलें त्याच संध्याकाळीं मीं दोन गोष्टी केल्या. ओल्या फडक्यानें तें पुसून काढतांना दांडीवर तिसऱ्या जोडीखालीं, मेरूपासून पांचएक सेंटिमीटरांवर, कागदाची एक अतिशय बारीक पट्टी चिकटविलेली आढळली. लहानपणीं मी कांहीं वर्षें सतार शिकलों होतों. तेवढ्या विद्येच्या जोरावर हिशेब केला, कीं ही जागा आपल्या कोणत्याच स्वराची नव्हे. कोणा नवशिक्यानें चुकून केलेली ही खूण असावी. पट्टी खरवडून टाकली. नंतर, कोठून तरी मिळविलेल्या एका कोष्टकाप्रमाणें तारा चढविल्या.

तें कोष्टक तुर्की पद्धतीचें होतें. तुर्की ऊदाची तार मेरूपासून घोडीपर्यंत सुमारें साडेअठ्ठावन्न सेंटिमीटर असते. अरबी ऊदाची एकसष्ट-बासष्ट, आणि ती लावतातही एका स्वरानें खालीं. एवढ्याशा फरकानें काय होणार, असें वाटेल. परंतु तीच तार एक पूर्ण स्वर चढविली असतां तिचा ताण सुमारें सव्वापट होतो. सतारीच्या तारा घोडीवरून पुढें जाऊन भोपळ्याच्या तळाशीं बांधलेल्या असतात. ऊदाच्या तारा घोडीलाच बांधतात, आणि ती घोडी तबलीस केवळ सरसानें चिकटविलेली असते. रात्रीं केव्हां तरी कट् असा आवाज झाला. सकाळीं पाहतों, तर घोडीची एक कड तबली सोडून उभी राहिलेली!

एका वृद्ध कारागिरानें ती बसवून दिली. त्यानें आधीं माप घेतलें, मग तारांची जाडी चिमटींत धरून पाहिली आणि विचारलें, "हा कोणाचा?" मीं म्हटलें, "माझा." "तसें नव्हे. वाजवीत कोण असे?" तारांवरून वाजविणाराची रीत ताडावी, एवढाच त्याचा हेतु होता. सरस वाळेपर्यंत तारांस हात लावूं नका, नंतर रोज थोडथोड्या चढवा, असें बजावून त्यानें मला वाटेस लावलें.

पट्टीचा उलगडा पुढें कांहीं महिन्यांनीं झाला. अरबी संगीतांत रास्त नांवाचा एक मकाम आहे. त्याचा गांधार आपल्या कोमल आणि शुद्ध या दोन गांधारांच्या मधला. कारागिरानें सांगितल्याप्रमाणें ऊद लावून पांढरी एक हा षड्ज धरला, तर तिसरी जोड मोकळी छेडली असतां रिषभ बोलतो, आणि मेरूपासून पांचएक सेंटिमीटरांवर तो गांधार येतो. पट्टी अचूक होती. हा स्वर कैरोस एका जागीं, तर इस्तंबूलला किंचित् वर. 1932 सालीं कैरो येथें अरबी संगीताची मोठी परिषद भरली, बेला बार्टोकसारखे युरोपीय रचनाकारही तेथें आले, मोजमापें झालीं. तरी स्वरस्थानांविषयीं एकमत झालें नाहीं. अशा वादग्रस्त जागीं एका मनुष्यानें स्वतःच्या कानानें, कदाचित् मुलास शिकवितांना, जो निर्णय केला होता तो मीं फडक्यानें पुसला. घोडीनें निदान कट् म्हणून तक्रार तरी केली.

कोणी म्हणेल, एवढा बाऊ कशाला? वस्तु तुमची, कागदही तुमचा. कायद्यानें हें खरें आहे. आपल्या जुन्या लोकांनीं मात्र स्वामित्वाहून अधिकार निराळा मानला. तो विकत मिळत नाहीं, अंगीं यावा लागतो. पण या शब्दाचाही मला धाक वाटतो. अधिकाराच्या नांवाखालीं आपल्या समाजानें किती जणांस किती दारें बंद केलीं, हें सांगावयास नको. ऊद अरबांनींच वाजवावा, त्यावर भूप छेडणें हा भ्रष्टाकार, असें मी मानीत नाहीं. मीं छेडला आहे, आणि तो बरा लागतो. न शिकतां हात घातला नाहीं तर शिकावें तरी कसें? अधिकार लागतो तो वाजविण्यास नव्हे, पुसून टाकण्यास. काळवंडलेल्या तारा मीं पुढें बेलाशक फेंकून दिल्या. तार काळवंडली म्हणजे काय होतें हें मला ठाऊक होतें. पट्टी कशाची हें ठाऊक नव्हतें, आणि ठाऊक नाहीं एवढ्यावरूनच मीं ती चूक ठरविली.

त्या मुलाचा पत्ता मजजवळ आहे. हें सर्व त्यास लिहून कळवावें कीं नाहीं, याचा निर्णय मजकडून अद्याप झालेला नाहीं. त्या जागीं दुसरी पट्टी चिकटवावी असेंही दोनदां मनांत आलें. एकदां तर कात्रीही हातीं घेतली. परंतु माझें बोट तेथें आज थोडें वर पडतें, उद्यां थोडें खालीं, आणि कोणत्या दिवसाची जागा धरून कागद कापावा हें समजत नाहीं.