समुद्रयात्रा आणि मागे राहिलेला आश्रित

समुद्रावरून प्रवास करणे धर्मशास्त्राने दीर्घकाळ दोषास्पद मानले होते. बौधायन धर्मसूत्रात समुद्रसंयान, म्हणजे जहाजाने समुद्रावर जाणे, हे पातित्य आणणाऱ्या कर्मांत गणले आहे. पुढे कलिवर्ज्यांत, म्हणजे पूर्वी रूढ असूनही कलियुगात टाळावयाच्या आचारांत, त्याचा समावेश झाला. अमरावतीचे वकील गणेश श्रीकृष्ण खापर्डे १९०८ साली लोकमान्य टिळकांच्या शिक्षेविरुद्ध दाद मागण्यासाठी इंग्लंडला गेले आणि पापळचे पंजाबराव देशमुख १९२० साली शिक्षणासाठी गेले, तोवर या निषेधाची धार बरीच बोथट झाली होती. आज अमरावतीहून किंवा अकोल्याहून मुंबई गाठून क्रूझवर चढणाऱ्या दांपत्याला प्रायश्चित्त कोणी विचारत नाही. मात्र त्या जुन्या वादात सगळी चिंता जाणाऱ्याच्या शुद्धीची, त्याच्या अन्नाची, संध्येची आणि संगतीची होती. फाटकाशी उभे राहून त्याला जाताना पाहणाऱ्या मुक्या जिवाचा विचार त्यात जवळजवळ नव्हताच, आणि जगप्रदक्षिणेची सहल शंभराहून अधिक दिवस चालू शकते अशा काळात खरा धर्मप्रश्न त्या जिवाचाच आहे.

शास्त्रात या प्रश्नाला आधार मुळीच नाही, असे नाही. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात कार्यासाठी परदेशी जाणाऱ्या पुरुषाने आधी पत्नीच्या निर्वाहाची तजवीज करावी, असे सांगितले आहे. म्हणजे प्रवासाचा अधिकार तजविजीनंतर येतो. गृहस्थाच्या पंचमहायज्ञांतील भूतयज्ञ, म्हणजे इतर जिवांसाठी रोज काढून ठेवायचा अन्नाचा वाटा, कुत्र्या-कावळ्यांपर्यंत पोहोचतो. या दोन विधानांची सांगड घातली, तर घरातील प्राणीही प्रवाशाच्या तजविजीत बसतो. शिवाय त्याचे ऋण अधिक कठीण आहे, कारण पत्नीला, आईवडिलांना परतण्याची तारीख सांगता येते आणि ते त्या शब्दाच्या आधारावर दिवस काढतात. कुत्र्याला किंवा मांजराला भविष्यकाळाचे आश्वासन पोहोचत नाही, त्याच्यापुरती फक्त रिकामी खुर्ची आणि न उघडणारे दार असते. माणसाचा निरोप शब्दावर उभा राहू शकतो, प्राण्याचा निरोप केवळ व्यवस्थेवर.

यावर वैराग्याच्या बाजूने आक्षेप येतो. भागवताच्या पाचव्या स्कंधातील भरत राजाने राज्य सोडले, पण अनाथ हरिणपाडसात त्याचे मन इतके गुंतले की मृत्यूसमयी त्याचेच चिंतन घडले आणि पुढचा जन्म हरिणाचा आला. तेव्हा प्राण्याच्या मोहाने पाय अडू नये, असे म्हटले जाते. पण विरक्त माणूस आपला भोग सोडतो, सहलीला निघालेला माणूस मात्र भोगाकडे जातो आणि भारच तेवढा मागे ठेवतो. या दोन त्यागांना एकच नाव देणे अन्यायाचे आहे. वऱ्हाडाने त्यागाची खरी उदाहरणे पाहिली आहेत. शेंडगावी जन्मलेले आणि दापुऱ्यात मामाकडे गुरे राखत वाढलेले गाडगे महाराज १९०५ साली घर सोडून निघाले, पण त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दशसूत्रीत मुक्या प्राण्यांना अभय हे सूत्र ठळकपणे आहे, आणि देवापुढील पशुबळीला त्यांनी कीर्तनांतून कडाडून विरोध केला. रिद्धपुराशी निगडित असलेल्या महानुभाव पंथात अटन, म्हणजे एका ठिकाणी न गुंतता फिरत राहणे, हा आचार आहे. तरीही लीळाचरित्रातील चक्रधरस्वामी पारध्यांच्या भयाने आश्रयाला आलेला ससा त्यांच्या हवाली करत नाहीत. तो ससा स्वतः आसरा शोधत आला होता. पाळीव प्राणी आलेला नसतो, त्याला आपण आणलेले असते, म्हणून त्याचा हक्क सशाहून मोठा ठरतो.

महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात हा विचार टोकाला जातो. स्वर्गाच्या दारी इंद्र युधिष्ठिराला कुत्रा सोडण्यास सांगतो आणि भाऊ व द्रौपदी यांना तू सोडलेसच की, असे सुचवतो. युधिष्ठिराचे उत्तर तर्काच्या दृष्टीने अतिशय काटेकोर आहे: ती माणसे मरण पावल्यावर त्याने सोडली, जिवंतपणी नव्हे, आणि निष्ठावंताचा त्याग हे महापाप आहे. म्हणजे त्याग कशाला म्हणावे, याची कसोटी दूर जाण्यात नसून जिवंत आश्रिताला निराधार करण्यात आहे. या कसोटीवर क्रूझ निषिद्ध ठरत नाही, कारण सोपवणे आणि टाकणे यांत फरक आहे.

सोपवण्याचे नियमही जुने आहेत. अठरा व्यवहारपदांतील, म्हणजे न्यायालयीन वादविषयांतील, स्वामिपालविवाद हा गुरांचा धनी आणि गुराखी यांच्या जबाबदारीविषयी आहे. मनूनुसार दिवसा दोष गुराख्याचा आणि गुरे धन्याच्या घरी असतील तर रात्री धन्याचा. लांडगा आला असता गुराखी धावला नाही तर तो दोषी, आणि गुराख्याने ओरडा करूनही चोरांनी जनावर नेले व त्याने वेळेवर कळवले तर तो निर्दोष. तीन महिने समुद्रावर असलेल्या धन्याची रात्रही राखणाऱ्यावर येते, म्हणून राखणाऱ्याला केवळ किल्ली आणि खाद्याची पिशवी देऊन भागत नाही, निर्णयाचा अधिकार आणि खर्चाचा पैसाही द्यावा लागतो. मे महिन्यात अकोल्याचा पारा अनेकदा ४४ अंशांपुढे जातो; त्या उन्हात शेजाऱ्याने एकदाच येऊन पाणी भरणे पुरेसे नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमानुसार, भूक-तहानेने हाल होतील अशा स्थितीत वाजवी कारणाशिवाय प्राण्याला सोडून देणे हा गुन्हा आहे. अकोल्यात पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था आहे, अमरावतीतही पशुवैद्य आहेत. निघण्यापूर्वी प्राण्याची तपासणी करून, आपल्या गैरहजेरीत उपचार करण्याची लेखी परवानगी राखणाऱ्याच्या हाती द्यावी, आणि असा राखणारा मिळेपर्यंत तिकीट काढू नये.