जुनें यंत्र ठेवावें कीं नवें घ्यावें?

पुण्याहून उत्तरेकडे पिंपरी, चिंचवड व भोसरी यांवरून चाकणपर्यंत जो प्रदेश पसरला आहे, त्यांत राहणार्‍या आमच्या वाचकांस कारखाना म्हणजे काय हें सांगावयास नको. इ. स. १९५४ मध्यें पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्यें महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघालें. आणि २००९ मध्यें फोक्सवॅगन कंपनीचा मोटारींचा कारखाना चाकण येथें सुरू झाला. या मोठ्या कारखान्यांच्या आजूबाजूस, गल्लीबोळांत व खेड्यापाड्यांत, पत्र्याच्या छपराखालीं लोखंड सांधण्याचीं लहान लहान घरगुती दुकानें चालतात. कोणी दिवसा कारखान्यांत पाळी करून संध्याकाळीं घरीं गेट, ग्रिल व शेतीचीं अवजारें नीट करितो. कोणाचें सर्व घर या एका धंद्यावर चालतें. अशा घरांतून निघणार्‍या एका प्रश्नाचा विचार आज करावयाचा आहे. वडिलांच्या वेळचें वेल्डिंगचें यंत्र अजून चालतें; तें ठेवावें, कीं काढून नवें घ्यावें?

हा प्रश्न केवळ पैशाचा आहे, यांत धर्माचा काय संबंध, असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्या कामांत मनुष्याचा सर्व दिवस जातो, ज्याच्या योगानें त्याच्या मुलांस अन्न मिळतें, व ज्याच्यांतील दोषानें शेजार्‍यास इजा होऊं शकते, तें काम देवाच्या नजरेबाहेर आहे असें मानणें म्हणजे धर्म रविवारपुरता ठेवणें होय.

प्रथम दोन्ही यंत्रांची ओळख करून घेऊं. जुनें यंत्र म्हणजे तांब्याच्या तारेचीं वेटोळीं असलेला जड ट्रान्सफॉर्मर. तो वीज पुष्कळ घेतो, आणि काम न करितां नुसता चालू ठेविला तरी कांहीं वीज खातोच. परंतु त्याची रचना साधी आहे. धूळ व लोखंडाचा कीस यांस तो सहसा दाद देत नाहीं. आणि बिघडला तर जवळचा वाइंडिंगवाला त्यास पुन्हां उभा करूं शकतो. नवें इन्व्हर्टर यंत्र एका हातानें उचलून नेतां येतें, वीज कमी घेतें, आणि त्याचा आर्क स्थिर असल्यामुळें नवशिक्याच्या हातूनही रॉड लवकर पेटतो. पण त्याच्या पोटांत नाजूक इलेक्ट्रॉनिक भाग असतात. ग्राइंडरचा लोखंडी कीस आंत जाऊन ते जळण्याचें भय असतें, आणि मग खर्च मोठा येतो. तेव्हां नवें तें सर्व चांगलें व जुनें तें सर्व वाईट अशी स्थिति नाहीं.

या बाबतींत मन आपणांस दोन बाजूंनीं फसवितें. चाकणच्या मोटारींच्या कारखान्यांत गाड्यांचे सांगाडे यांत्रिक हात सांधतात. दिवसभर तें पाहून घरीं आलेल्या कारागिरास आपल्या कोपर्‍यांतील गंजलेल्या पेटीची लाज वाटूं लागते. शेजारच्या दुकानांत नवें यंत्र आलें कीं ती लाज वाढते. लाजेपोटीं केलेली खरेदी गरजेची आहे असें मन मागाहून पटवून देतें. हा एक मोह झाला. दुसरा याच्या उलट आहे. नव्याची भीति व पैशाची ओढ या दोहोंस मनुष्य साधेपणाचें नांव देतो. १९०३ सालीं लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं लोखंडी नांगर केला, तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होते अशा समजुतीनें शेतकरी तो घेईनात. उलटपक्षीं, विसाव्या शतकाच्या आरंभीं अहमदनगर येथें, म्हणजे आजच्या अहिल्यानगरांत, अमेरिकन मराठी मिशनचे डी. सी. चर्चिल यांनीं सुधारलेला हातमाग तयार केला, तो गरीब विणकरास आपला धंदा टिकवितां यावा म्हणूनच. हत्यार बोथट झालें असतां धार न लावतां नुसता जोर वाढविणें हें शहाणपण नव्हे, असें उपदेशकाच्या पुस्तकांतही (१०:१०) सुचविलें आहे.

मग निर्णय कोणत्या कसोटीनें करावा? निर्गमाच्या २१ व्या अध्यायांत बैलाविषयीं एक नियम आहे, तो शेतकर्‍यांच्या मुलांस सहज समजेल. बैलानें अकस्मात् कोणास मारलें तर धन्यावर दोष येत नाहीं. पण बैल मारका आहे हें ठाऊक असून व लोकांनीं बजावूनही धन्यानें त्यास बांधून ठेविलें नाहीं, तर धनी दोषी होतो. या नियमांत बैलाचें वय विचारलेलें नाहीं. म्हातारा बैल निराळा व मारका बैल निराळा. म्हातार्‍या बैलाकडून त्याच्या शक्तीप्रमाणें काम घेण्यांत पाप नाहीं. मारका बैल, मग तो तरणा असो वा म्हातारा, मोकळा सोडण्यांत आहे. यंत्राचेंही तसेंच. तें किती वर्षांचें आहे हा प्रश्न दुय्यम. त्याच्या दोषाची किंमत कोण देतो हा प्रश्न मुख्य. धन्यास स्वतः जे अधिक कष्ट पडतात ते त्यानें खुशाल सोसावे. परंतु जी काटकसर दुसर्‍याच्या अंगावर पडते, तीस काटकसर म्हणतां येत नाहीं.

ही कसोटी लावून प्रथम हाताखालच्या मुलाकडे पाहावें. होल्डर फुटलेला, केबलचें रबर जागोजाग गेलेलें, अर्थिंग नाहीं, आणि पावसाळ्यांत जमीन ओली, अशा ठिकाणीं विजेचा धक्का बसून जीव जाऊं शकतो. धनी काचेआडून पाहतो, आणि वस्तु धरून उभा राहिलेला मुलगा उघड्या डोळ्यांनीं. मग रात्रीं त्याच्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते व तो निजूं शकत नाहीं. त्याच्या आईस काय झालें हें कळत नाहीं; धन्यास मात्र तें कळत असतें.

नंतर शेजार्‍याकडे पाहावें. जड ट्रान्सफॉर्मरनें आर्क धरतांच त्याच तारेवरील घरांतले दिवे मंद होतात. त्या दिव्याखालीं परीक्षेस बसावयाचें मूल वाचीत असतें. शिवाय हें सर्व घरगुती मीटरवर चाललें असेल, तर २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ प्रमाणें तो विजेचा अनधिकृत वापर ठरतो. यंत्र जुनें असो वा नवें, कैसराचें तें कैसरास देणें हें आपणांस सुटत नाहीं.

शेवटीं गिर्‍हाईकाकडे पाहावें. त्यास सांध्याच्या आंतलें कांहीं दिसत नाहीं. वरची खपली न झाडतां रंग फासला कीं कच्चा व पक्का सांधा सारखाच दिसतो. पण ट्रॉलीचा हुक, पाण्याच्या टाकीची घडवंची, बालवाडीच्या अंगणांतील झोपाळा, यांवर माणसांचे जीव अवलंबून असतात. जाड लोखंडास लागणारा प्रवाह जुन्या यंत्रांतून मिळत नसेल, तर हें काम माझ्या यंत्राचें नव्हे असें सांगून तें परत करणें हा खरेपणा आहे. असें काम वारंवार परत करावें लागून घरांत पोट भरत नसेल, तर नवें यंत्र घेण्यास तें सबळ कारण झालें.

आतां एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. वर सांगितलेल्या दोषांपैकीं पुष्कळ दोष यंत्र बदलून जात नाहींत. नव्या यंत्रास जुनी उघडी केबल जोडली तर धक्का तोच. आर्कचें तेज तेंच. धूरही तोच, जस्ताचा मुलामा असलेला पाइप सांधतांना जो धूर निघतो त्यानें थंडी वाजून ताप येतो, आणि २०१७ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें वेल्डिंगच्या धुराची गणना मनुष्यास कर्करोग करणार्‍या पदार्थांत केली आहे. म्हणून पहिला रुपया केबल, होल्डर व अर्थिंग यांवर खर्चावा. दुसरा मुलासाठीं वेगळ्या काचेवर व हातमोज्यांवर. आणि काम मोकळ्या वार्‍यांत, आडोसा करून करावें. नव्या घराच्या धाब्यास कठडा करण्याची आज्ञा अनुवाद २२:८ यांत आहे, ती कोणी पडूं नये म्हणून. हा आपला कठडा आहे. नव्या यंत्राच्या मानानें याचा खर्च थोडा. आणि हा ज्यानें केला नाहीं, त्यास नवें यंत्र घेऊन कांहीं साधलें असें आम्ही म्हणणार नाहीं.

इतकें केल्यावर मग हिशेबास बसावें. बुरूज बांधणार्‍यानें आधीं बसून खर्चाचा अंदाज करावा, असें प्रभूनें (लूक १४:२८) सांगितलें आहे. समजा, नवें यंत्र १२,००० रुपयांस मिळतें व त्यानें दरमहा विजेचे ३०० रुपये वांचतात. रोख घेतलें तर ४० महिन्यांत किंमत फिटेल. पण तेच पैसे सावकाराकडून दरमहा शेकडा ३ दरानें काढले, तर व्याजच महिन्यास ३६० रुपये होतें. म्हणजे बचत व्याजासही पुरत नाहीं, आणि मुद्दल जागच्या जागीं राहतें. असें यंत्र घेणारा त्याचा धनी होत नसून चाकर होतो. केंद्र सरकारनें १७ सप्टेंबर २०२३ रोजीं लोहारकाम धरून १८ हस्तव्यवसायांसाठीं पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू केली. तींत हत्यारांसाठीं १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य, आणि पहिल्या हप्त्यांत १ लाख रुपयांपर्यंत सालीना शेकडा ५ व्याजानें कर्ज अशी तरतूद आहे. १२,००० रुपयांवर हें व्याज वर्षाचें ६०० रुपये होईल. आपल्या मंडळींतील कारागीर तिच्या नियमांत बसतो कीं नाहीं, याची चौकशी करून त्यास अर्ज लिहून देणें, हें आमच्या उपदेशक बंधूंस उपदेशाइतकेंच शोभेल.

एक शेवटची गोष्ट. नवें आल्यावर जुनें कोठें जातें? पुष्कळदां तें अधिक गरीब अशा एखाद्या नवशिक्यास विकलें जातें, आणि विकतांना त्याचा दोष सांगितला जात नाहीं. आंधळ्याच्या वाटेंत अडथळा ठेवूं नये अशी लेवीय १९:१४ यांत आज्ञा आहे. मारका बैल बाजारीं गरीब म्हणून विकला तर धोका नाहींसा होत नाहीं. केवळ दुसर्‍याच्या अंगणांत जातो. म्हणून विकावयाचें तर नीट करून व खरें सांगून विकावें. नीट होण्याजोगें नसेल तर मोडींत घालून तांब्याची किंमत घ्यावी.

ज्याचें जुनें यंत्र कोणास इजा करीत नाहीं, व ज्याचे सांधे पक्के आहेत, त्यानें तें निःशंक मनानें चालवावें. शेजार्‍याचें नवें पाहून कष्टी होऊं नये. ज्याचें यंत्र दुसर्‍यास महाग पडतें, त्यानें तें चालतें आहे या सबबीवर तसेंच ठेवूं नये. आणि ज्यास कोणता पक्ष आपला हें ठरवितां येत नाहीं, त्यानें हाताखालच्या मुलास जवळ बसवून विचारावें. उत्तर त्याच्यापाशीं असतें. ज्या प्रभूनें सुताराच्या घरीं वाढून स्वतः हत्यार धरलें, तो आपणां सर्वांस या लहान गोष्टींतही विश्वासू राहण्याची बुद्धि देवो.