न रडण्याचं कौतुक

"मावशी, रमाबाई रडल्या असतील का गं?"

भाचा पुण्यात पाळकपणाचं शिक्षण घेतो. सध्या पंडिता रमाबाईंविषयी मिळेल ते वाचतो आहे.

"कधी म्हणतोस? दुष्काळात आई-वडील गेले, १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला, १८८२ मध्ये पटकीनं नवरा. मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती."

"मनोरमा गेली तेव्हा. जुलै १९२१, मिरजेला. मुक्ती मिशनचा भार जिच्यावर सोपवायचा, ती चाळिशीतली लेकच गेली. आणि बाई केडगावात बायबलचं भाषांतर पुरं करत राहिल्या. नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ ला, त्याही गेल्या. सगळे याला विश्वासाचं धैर्य म्हणतात. मला वाटतं, हे धैर्य की दुःखाकडे फिरवलेली पाठ?"

प्रश्न पुस्तकातून आलेला नव्हता, हे मला कळत होतं. आमच्या मंडळीतल्या एका नर्सचा तरुण मुलगा अपघातात गेला. पेटी बंद करण्याआधी तिनं त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावलं आणि बाजूला झाली. मातीच्या वेळीही डोळ्यांतून टिपूस नाही. आठवडा उलटायच्या आत ड्यूटीवर हजर. निम्मे लोक म्हणतात, काय विश्वास बाईचा! उरलेले म्हणतात, दगड आहे. स्मरणाच्या प्रार्थनेत भाच्यानं चार शब्द बोलायचे आहेत, आणि त्यानं तिच्या धीराचं कौतुक करावं अशी सगळ्यांची अपेक्षा.

"करू नकोस," मी म्हणाले.

"का? ती धीराची आहेच."

"असेल. पण तू सगळ्यांदेखत तसं म्हणालास की तिला रडायची सोय उरत नाही. पुढच्या रविवारी उपासनेत हुंदका आला तर आपला विश्वास कमी पडला असं तिलाच वाटेल. 'रडू नका, तो प्रभूकडे गेला' हे आपण किती घाईनं म्हणतो! बऱ्याचदा तिच्यासाठी नाही, आपल्याला तिचं रडणं बघवत नाही म्हणून."

"पण पुनरुत्थानाची आशा खोटी आहे का? आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका, असं पौलानंच थेस्सलनीकाच्या मंडळीला कळवलं ना?"

"शोकच करू नका, असं नाही कळवलं. बेथानीत लाजराच्या कबरेकडे जाताना येशूच्या डोळ्यांना पाणी आलं, तेही त्याला उठवायलाच निघालेला असताना. त्याच्याहून पक्की आशा कुणाची होती?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मग रमाबाईंनीही रडायला हवं होतं, असं म्हणायचं?"

इथं मला सहज उत्तर देता येईना. त्यांचं काम डोळ्यांसमोर आणलं. हिब्रू आणि ग्रीक शिकून, मुक्तीतल्या कमी शिकलेल्या बायकांनाही कळेल अशा साध्या मराठीत सबंध बायबल आणायचं. छापखाना मुक्तीतलाच, खिळे जुळवायलाही बायकाच. वर्षानुवर्षं चाललेलं काम. पूर्ण ग्रंथ छापून आला तो १९२४ मध्ये, बाई गेल्यानंतर.

"भाषांतर करणाऱ्याला एकही ओळ वगळता येत नाही," मी म्हणाले. "स्तोत्रसंहिता विलापांनी भरलेली आहे, यिर्मयाचा आक्रोश आहे, मुलं हरवलेल्या आया आहेत. ते सगळं एकेक शब्द तोलून जिनं मराठीत आणलं, तिला रडणं ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? ते पाठ फिरवणं होतं की रडण्याचीच तिची रीत होती, हे बाहेरून कळत नाही."

"हे सोयीचं झालं, मावशी. कामात बुडालेले कितीतरी लोक आतून खचलेले असतात."

"असतात. म्हणून तर निकाल देऊ नको म्हणते. ना धीराचा, ना दगडाचा."

"आणि मी उभा राहून काय गप्प बसू?"

"ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले होते, एक शब्द न बोलता. तोवर त्यांचं काही चुकलं नव्हतं. बोलायला लागले आणि बिघडलं. देवाचीच बाजू मांडत होते बिचारे, तरी शेवटी देव रागावला तो त्यांच्यावर. ज्यानं देवाशी भांडण मांडलं, त्या ईयोबाचं बोलणं मात्र त्यानं योग्य ठरवलं. भक्ती म्हणजे तक्रार न करणं, असं मानणाऱ्यांनी तो शेवट पुन्हा वाचावा."

"मग जी तक्रारच करत नाही, तिची भक्ती कुठं गेली?"

"कुठं जाईल? ईयोब देवावर ओरडला, पण देवाशी बोलणं त्यानं तोडलं नाही. मला त्याचं धैर्य तिथं दिसतं. ही बाई कदाचित न ओरडता बोलत असेल. तिचं आणि देवाचं काय चाललंय, ते तुला-मला कुणी सांगितलंय?"

तो उठला, खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. "मी आधी तिच्याकडे जातो," म्हणाला. "तिच्याविषयी काय बोललेलं तिला नको आहे, ते विचारतो. आणि प्रार्थनेत मुलाबद्दल बोलतो. तो कुणाशी भांडायचा, कुणाला मदत करायचा, घरी उशिरा आला की काय थापा मारायचा."

"आणि पाळकसाहेबांनी विचारलं, तिच्या विश्वासाविषयी का बोलला नाहीस, तर?"

"सांगेन, ती साक्ष तिची आहे. द्यायची तेव्हा ती देईल."

"बरं. तिची या आठवड्यात रात्रपाळी आहे," मी म्हणाले. "दुपारी झोपू दे, चारनंतर जा."